तीनपैकी दोन रेप्लिका एकाच स्टोरेज नोडवर! सिंडरला व्हॉल्यूमची जागा कशी सांगायची?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या संस्थेत ओपनस्टॅकवरचा (क्लाउड उभारायची मुक्त सॉफ्टवेअर प्रणाली) खासगी क्लाउड मी सांभाळतो. व्याप मोठा नाही. तीन रॅक, प्रत्येक रॅकमध्ये एक स्टोरेज नोड, त्यावर डिस्कचे भाग पाडायला एलव्हीएम आणि ते नेटवर्कवरून द्यायला आयस्कझी. प्रत्येक नोडवर ४० टीबी डिस्क. पहिले दोन नोड जुने, तिसरा यंदा आलेला.

परीक्षा विभागाचा पोस्टग्रेस डेटाबेस याच क्लाउडवर चालतो. तीन व्हीएम (आभासी मशीन), प्रत्येकीवर एक रेप्लिका म्हणजे डेटाबेसची प्रत, प्रायमरी कोण ते सांभाळणारा पॅट्रोनी, तो ज्याच्या बहुमतावर चालतो तो एटसीडीसुद्धा त्याच तिघांवर, आणि प्रत्येक व्हीएमचा सगळा डेटा ५०० जीबीच्या सिंडर व्हॉल्यूमवर (सिंडर म्हणजे ओपनस्टॅकचा स्टोरेज वाटणारा भाग, व्हॉल्यूम म्हणजे त्याने दिलेली आभासी डिस्क). नोव्हामध्ये (व्हीएम चालवणारा भाग) सर्व्हर ग्रुप करून अँटी-अ‍ॅफिनिटी ('एकत्र नकोत' असा नियम) लावलेली आहे, त्यामुळे तिन्ही व्हीएम तीन वेगळ्या कंप्यूट नोडवर आहेत. कागदावर सगळं चोख.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या स्टोरेज नोडचा डिस्क कंट्रोलर गेला आणि तीनपैकी दोन व्हीएम एकदम आडव्या झाल्या. दोघींचे व्हॉल्यूम त्याच नोडवर होते. तिसरी व्हीएम धडधाकट, डेटा शाबूत, पण एटसीडीचं बहुमत गेल्यामुळे ती एकटी प्रायमरी (लिहिणं स्वीकारणारी मुख्य प्रत) होऊ शकत नव्हती. डेटाबेस नुसता वाचता येत होता. निकालाच्या तोंडावर गुण भरणारे लोक ताटकळले.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सिंडरने दोन व्हॉल्यूम एकाच नोडवर का टाकले? आणि 'हे तीन एकत्र नकोत' हे त्याला सांगायचं कसं?

शिवाय एक कोडं. दुसऱ्या एका प्रोजेक्टचे मोंगोडीबी डेटाबेसचे तिन्ही व्हॉल्यूम पहिल्या नोडवर आहेत. तो नोड तर सगळ्यात जास्त भरलेला! मग ते तिथे कसे गेले?

उंबरठा

चांगला विषय काढलात. खासगी क्लाउडवाल्या प्रत्येकाने एकदा तरी आपापल्याकडे हे तपासावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

व्हॉल्यूमची मागणी आली की सिंडरचा शेड्युलर (जागा ठरवणारा भाग) दोन पायऱ्यांत काम करतो. आधी फिल्टर: जे बॅकएंड (व्हॉल्यूम ठेवायच्या जागा, तुमच्याकडे एकेक नोड) चालणारच नाहीत ते गाळायचे. मूळ बांधणीत तीनच फिल्टर चालू असतात. झोन (बॅकएंडला दिलेला जागेचा गट) जुळतो का, जागा आहे का, आणि व्हॉल्यूम टाइपमध्ये (व्हॉल्यूमच्या ठरवून ठेवलेल्या प्रकारात) मागितलेली वैशिष्ट्यं त्या बॅकएंडकडे आहेत का. त्यातून जे उरतील त्यांना वेयर (तोलणारा भाग) गुण देतो आणि पहिल्या नंबराला व्हॉल्यूम मिळतो. मूळ वेयर म्हणजे कपॅसिटी वेयर. ज्याच्याकडे मोकळी जागा जास्त, तो वर.

आता तुमचा तिसरा नोड नवा. म्हणजे तो सगळ्यात मोकळा. तो जोडल्या दिवसापासून येणारा प्रत्येक नवा व्हॉल्यूम त्याच्याकडेच जाणार, आणि बाकीच्यांची बरोबरी होईपर्यंत जातच राहणार. 'हे तीन व्हॉल्यूम एकाच डेटाबेसचे आहेत' हे शेड्युलरला कुठेच कळत नाही. त्याच्या लेखी त्या तीन सुट्या मागण्या.

थिन प्रोव्हिजनिंग (जागा कागदावर वाटायची, खरी डिस्क लिहिताना घ्यायची) असेल तर हे आणखी ताणलं जातं, कारण तिथे खरी मोकळी जागा मोजली जात नाही. एकूण जागा गुणिले ओव्हर-सबस्क्रिप्शनचं प्रमाण, वजा आजवर वाटलेली जागा, असा हिशोब होतो. ते प्रमाण मूळ सेटिंगमध्ये २० आहे! म्हणजे ४० टीबीचा नोड शेड्युलरला ८०० टीबीचा दिसतो. समजा जुन्या दोघांवर ५५ आणि ५२ टीबी वाटून झालंय आणि नव्यावर ५. तर शिल्लक दिसणार ७४५, ७४८ आणि ७९५. नव्या नोडवर आणखी सुमारे ४७ टीबीचे व्हॉल्यूम पडेपर्यंत जुन्यांचा नंबरच लागत नाही. आणि त्या नोडची खरी डिस्क ४० टीबी.

आधी हे प्रमाण उतरवा. मी स्वतः २ किंवा ३ च्या वर जात नाही आणि रिझर्व्ह्ड पर्सेंटेजही (राखीव जागेची टक्केवारी) शून्यावर ठेवत नाही. याने तुमचा रेप्लिकांचा प्रश्न सुटणार नाही, पण नोड अचानक तुडुंब भरण्याचा दुसरा धोका टळेल. तोही तितकाच वाईट. थिन पूल भरला की त्यावरच्या सगळ्याच व्हॉल्यूमवर लिहिणं अडतं.

दगडफूल

कोयनाकाठ, तुम्हाला हवं ते सिंडरमध्ये आहे, फक्त मुळात बंद असतं.

व्हॉल्यूम बनवताना शेड्युलरला हिंट देता येते. 'डिफरंट होस्ट' या हिंटमध्ये आधीच्या व्हॉल्यूमचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) द्यायचा, म्हणजे नवा व्हॉल्यूम त्याच्यापासून वेगळ्या बॅकएंडवर जातो. तिसऱ्या वेळी पहिल्या दोघांचे यूयूआयडी द्यायचे. उलट हवं असेल तर 'सेम होस्ट'. कमांड लाइनवरून देता येते, फाइलवरून मांडणी उभी करणाऱ्या हीटच्या टेम्प्लेटमधून देता येते, तसंच काम करणाऱ्या टेराफॉर्मच्या ओपनस्टॅक प्रोव्हायडरमध्येही त्यासाठी वेगळा ब्लॉक आहे.

पण यात एक फार वाईट गोष्ट आहे आणि ती ठळक करून सांगते. ही हिंट वाचणारा डिफरंट-बॅकएंड फिल्टर मूळ यादीत नाही. तो सिंडरच्या कॉन्फिगमध्ये तुम्ही स्वतः जोडला नसेल, तर हिंट निमूटपणे गिळली जाते. एरर नाही, वॉर्निंग नाही. व्हॉल्यूम बनतो, हिंट देणारा निश्चिंत होतो, आणि व्हॉल्यूम मात्र वेयरला वाटेल तिथे गेलेला असतो. वापरणाऱ्याला हे कळण्याचा मार्गही नाही, कारण व्हॉल्यूम कुठल्या होस्टवर आहे ते फक्त अ‍ॅडमिनला दिसतं.

म्हणून फिल्टर जोडून शेड्युलर रीस्टार्ट केल्यावर मुद्दाम अशक्य मागणी करून बघा. तीन बॅकएंड असतील तर चौथा व्हॉल्यूम मागा आणि हिंटमध्ये आधीच्या तिघांचे यूयूआयडी द्या. 'नो व्हॅलिड बॅकएंड' म्हणून तो एररमध्ये गेला पाहिजे. मुकाट्याने बनला तर फिल्टर चालत नाहीये असं समजा.

दुसरं, तीन व्हॉल्यूम एकदम मागू नका. पहिल्याची जागा अजून ठरली नसेल तर फिल्टरला तुलना करायला काही सापडतच नाही आणि तो सगळ्यांनाच पास करतो. पहिला 'अव्हेलेबल' झाला की दुसरा, मग तिसरा. टेराफॉर्ममध्ये दुसऱ्याच्या हिंटमध्ये पहिल्याच्या आयडीचा संदर्भ दिला की हा क्रम आपोआप पाळला जातो.

कोयनाकाठ

दगडफूल, उंबरठा, दोघांचे मनापासून आभार. आमच्या कॉन्फिगमध्ये खरोखर तीनच फिल्टर आहेत. चाचणीच्या सेटअपवर चौथा जोडला आणि अशक्य मागणी करून पाहिली. एररमध्ये गेली, म्हणजे फिल्टर चालतोय.

मोंगोडीबीचं कोडं मात्र अजून उलगडलं नाही. तो सगळ्यात भरलेला नोड आहे, त्यामुळे कपॅसिटी वेयर तर त्याला शेवटी ठेवणार. त्या टीमला विचारलं. त्यांनी एक 'सोनेरी' व्हॉल्यूम तयार करून ठेवला होता, सगळं बसवलेला, आणि त्याच्यावरून तीन क्लोन (हुबेहूब प्रती) काढले. याचा काही संबंध?

उंबरठा

तेच कारण. क्लोन मूळ व्हॉल्यूमच्याच बॅकएंडवर बनतो, कारण एलव्हीएम असो की महागडा अ‍ॅरे (तयार स्टोरेज यंत्र), कॉपी स्वतःच्या पोटातच काढता येते. शेड्युलरपर्यंत मागणी जाते, पण सोबत 'याच बॅकएंडवर' अशी अट जाते. स्नॅपशॉटवरून (त्या क्षणाच्या नोंदलेल्या प्रतीवरून) बनवलेल्या व्हॉल्यूमचंही मूळ सेटिंगमध्ये तसंच. त्यामुळे एका साच्यातून काढलेले तिन्ही सदस्य साच्याच्याच नोडवर राहतात.

क्लोन करताना डिफरंट होस्टची हिंट दिली तर दोन अटी एकमेकींना छेद देतात आणि व्हॉल्यूम एररमध्ये जातो. त्यामुळे डेटाबेसच्या रेप्लिकांसाठी हा रस्ताच सोडा. रिकामे व्हॉल्यूम वेगवेगळ्या जागी बनवा आणि डेटा डेटाबेसलाच नेऊ द्या. पोस्टग्रेसमध्ये बेस बॅकअप, मोंगोमध्ये इनिशियल सिंक. वेळ लागतो, पण जागा तुमच्या हातात राहते.

आडवाट

मी जरा वेगळं मत मांडतो. हिंट वगैरे ठीक आहे, पण ती प्रत्येक वेळी कुणीतरी आठवणीने द्यावी लागते. माणसं बदलतात, स्क्रिप्ट बदलतात.

आम्ही सरळ प्रत्येक नोडसाठी एक व्हॉल्यूम टाइप केला आहे. डीबी-अ, डीबी-ब, डीबी-क. प्रत्येक टाइपच्या एक्स्ट्रा स्पेकमध्ये (टाइपला जोडलेल्या अटीत) त्या-त्या बॅकएंडचं नाव. टाइप खासगी ठेवलेत, म्हणजे ज्या प्रोजेक्टला परवानगी दिली त्यालाच दिसतात. टाइपनिहाय कोटा लावता येतो, त्यामुळे कुणी एकच टाइप ओरबाडत नाही. डेटाबेसवाले तीन व्हॉल्यूम तीन टाइपमधून घेतात. हॉरायझनमध्ये (ओपनस्टॅकचं वेब पान) नुसतं बघून कळतं कुठला कुठे आहे. यात न समजण्यासारखं काही नाही.

दगडफूल

आडवाट, तुमची पद्धत चालते, पण मला ती दीर्घकाळ झेपणारी वाटत नाही.

व्हॉल्यूम टाइप हा खरं तर 'कसा' यासाठी आहे. एसएसडी की साधी डिस्क, एन्क्रिप्शन आहे की नाही, क्यूओएस (वेगाची मर्यादा) किती. त्यात 'कुठे' घातलंत की टाइपची संख्या गुणाकाराने वाढते. तीन नोड, दोन प्रकारच्या डिस्क, एन्क्रिप्टेड आणि साधं. झाले बारा. आणि नोड निवृत्त झाला की त्याच्या टाइपमधला प्रत्येक व्हॉल्यूम रीटाइप करत (टाइप बदलत) बसायचं, टेनंटच्या (क्लाउड वापरणाऱ्या टीमच्या) स्क्रिप्टमध्ये जुनं नाव असतंच.

तीन नोडचं छोटं दुकान आणि दोन-तीनच डेटाबेस असतील तर जरूर करा. वाढत्या क्लाउडवर नको.

मावळतीचा_वारा

सगळं वाचलं. एक शंका. एवढी कसरत करण्यापेक्षा सेफवर (Ceph, डेटा अनेक नोडवर पसरवणारी स्टोरेज प्रणाली) जा ना! सेफ स्वतःच तीन प्रती ठेवतो. क्रश नियमात (प्रती कुठे ठेवायच्या ते ठरवणारा नियम) फेल्युअर डोमेन (एकत्र बंद पडणारं एकक) 'रॅक' केलं की तिन्ही प्रती तीन रॅकमध्ये जातात. एक नोड काय, अख्खा रॅक गेला तरी व्हॉल्यूम चालू. मग कुठला व्हॉल्यूम कुठे हा प्रश्नच उरत नाही.

उंबरठा

सेफ मलाही आवडतं आणि कोयनाकाठ यांच्या या दुर्घटनेत त्याने नक्की वाचवलं असतं. एक कंट्रोलर गेल्याने काहीच थांबलं नसतं. पण 'प्रश्नच उरत नाही' हे मान्य नाही.

डेटाबेसच्या तीन रेप्लिका आणि प्रत्येकीच्या खाली सेफच्या तीन प्रती, म्हणजे तोच डेटा नऊ ठिकाणी. हा झाला खर्चाचा भाग. त्याहून महत्त्वाचं असं की त्या नऊही प्रती एकाच क्लस्टरच्या आहेत. मॉनिटरचं (क्लस्टरची स्थिती सांभाळणारे सेफचे प्रोग्राम) बहुमत गेलं, अपग्रेड फसलं, क्लस्टर नेटवर्कचा स्विच वेडावाकडा वागायला लागला, पूल फुल झाला, की नऊच्या नऊ एकाच वेळी थांबतात. तुमच्या तीन रेप्लिकांनी तिथे काहीही वाचवलेलं नसतं.

मी एके ठिकाणी पाहिलंय: एकाच सेफ क्लस्टरवर सिंडरचे दोन बॅकएंड, नावं वेगळी, पूल वेगळे. हिंट दिली, फिल्टर चालू, व्हॉल्यूम दोन 'वेगळ्या' बॅकएंडवर गेले. फिल्टरने आपलं काम चोख केलं, कारण तो फक्त नाव वाचतो. होस्ट, मग बॅकएंड, मग पूल, असं मिळून एक नाव होतं आणि ते जुळलं नाही की त्याच्या मते जागा वेगळी. पोटात तेच ओएसडी (डिस्क सांभाळणारे सेफचे प्रोग्राम), त्याच डिस्क. अ‍ॅरेवाल्यांचंही तसंच. एका अ‍ॅरेमधले दोन पूल फिल्टरला दोन जागा वाटतात, पण कंट्रोलरची जोडी एकच असते.

माझा सगळा भर यावर आहे. 'वेगळा बॅकएंड' मागू नका. काय-काय एकत्र बंद पडू शकतं ते आधी कागदावर काढा आणि मग त्या एककाला सिंडरमध्ये नाव द्या. शेड्युलरला जग तेवढंच दिसतं जेवढं आपण कॉन्फिगमध्ये लिहिलंय.

निळी_शाई

डब्लिनहून नमस्कार. मी पब्लिक क्लाउड आणि कुबरनेटिसवर (कंटेनर चालवणारी प्रणाली) काम करते, त्या बाजूची थोडी भर घालते, कारण प्रश्न तोच आहे.

एडब्ल्यूएसमध्ये (अ‍ॅमेझॉनचा क्लाउड) ईबीएस व्हॉल्यूम एका अव्हेलेबिलिटी झोनचा (रीजनमधल्या एका स्वतंत्र भागाचा) असतो आणि त्याच झोनच्या मशीनला जोडता येतो. दुसऱ्या झोनमध्ये हवा असेल तर स्नॅपशॉट काढायचा. तो रीजनच्या पातळीवर असतो, त्यामुळे त्यावरून कुठल्याही झोनमध्ये नवा व्हॉल्यूम बनतो. इथे कोयनाकाठ यांच्याकडे क्लोनमुळे आली तशी अडचण नाही.

पण कुबरनेटिसमध्ये यावरून रडकुंडीला आलेले लोक मी बरेच पाहिलेत. स्टोरेज क्लासमध्ये व्हॉल्यूम बाइंडिंग मोड 'इमिजिएट' असेल, तर क्लेम (व्हॉल्यूमची मागणी) बनल्याबरोबर व्हॉल्यूम कुठल्यातरी झोनमध्ये तयार होतो. पॉड (एकत्र चालणारे कंटेनर) कुठे बसणार हे तेव्हा ठरलेलंच नसतं. नंतर पॉडला त्या झोनमध्ये मेमरी मिळाली नाही की 'व्हॉल्यूम नोड अ‍ॅफिनिटी कॉन्फ्लिक्ट' म्हणत पॉड पेंडिंगमध्ये लटकतो. 'वेट फॉर फर्स्ट कन्झ्यूमर' ठेवलं की आधी पॉडचा नोड ठरतो आणि मग त्या झोनमध्ये व्हॉल्यूम बनतो. त्यावर टोपॉलॉजी स्प्रेड कन्स्ट्रेंट (पॉड पसरवायचा नियम) लावा, झोनप्रमाणे, स्क्यू १ (झोनमधला फरक फार तर एकाचा), आणि जमत नसेल तर शेड्यूल करू नकोस असं. पॉड पसरले की त्यांच्या मागोमाग व्हॉल्यूमही पसरतात. म्हणजे तिथे जागा ठरवते कंप्यूट, आणि स्टोरेज मागून येतं. मला हा क्रम जास्त पटतो.

मात्र हे फक्त पहिल्या वेळी. स्टेटफुलसेट (डेटा असलेल्या पॉडचा संच) लहान करून परत मोठा केला तरी जुना क्लेम तसाच असतो, पॉड जुन्याच झोनमध्ये परततो. आणि आधी चुकीच्या झोनमध्ये बनलेले व्हॉल्यूम स्टोरेज क्लास बदलून जागचे हलत नाहीत.

उंबरठा नावांबद्दल म्हणाले त्याला माझ्याकडूनही दुजोरा. एडब्ल्यूएसच्या जुन्या रीजनमध्ये, उदाहरणार्थ नॉर्थ व्हर्जिनियात, 'वन-ए' हे झोनचं नाव प्रत्येक अकाउंटला वेगळ्या खऱ्या झोनकडे नेऊ शकतं. दोन अकाउंटमध्ये मिळून काही पसरवायचं असेल तर नाव सोडा आणि झोन आयडी जुळवा.

कोयनाकाठ

निळी_शाई ताई, फारच उपयोगी. आमच्याकडेही कुबरनेटिस येऊ घातलंय, तेव्हा हे पुन्हा वाचावं लागणार. वाखू (वाचनखूण) साठवली.

उंबरठा, तुम्ही म्हणता तसं एककाला नाव द्यायचं तर आमच्यासाठी ते रॅक असावं. एका रॅकमध्ये एक स्टोरेज नोड, एक स्विच. मग हिंट की झोन?

उंबरठा

झोन. माझं मत ठाम आहे आणि कारण तांत्रिक कमी, माणसांचं जास्त आहे.

सिंडरमध्ये प्रत्येक बॅकएंडला स्वतःचा अव्हेलेबिलिटी झोन देता येतो. रॅक-१, रॅक-२, रॅक-३ अशी नावं द्या. आता डेटाबेसवाला हॉरायझनच्या फॉर्ममध्ये किंवा कमांडमध्ये झोन निवडून तीन व्हॉल्यूम बनवेल. यूयूआयडी आठवायचा नाही, एकामागून एक थांबायचं नाही, तिन्ही एकदम मागितले तरी चालतील. झोनचा फिल्टर मूळ यादीतच असतो, त्यामुळे हिंट गिळली जाण्याची भानगड नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: व्हॉल्यूमचा झोन टेनंटला स्वतःला दिसतो. होस्ट दिसत नाही, झोन दिसतो. म्हणजे आपली मांडणी बरोबर आहे का हे तपासायला त्याला तुमच्याकडे तिकीट टाकावं लागत नाही. ज्याचा डेटाबेस, त्याच्याच डोळ्यांसमोर उत्तर.

काही सेटिंग सांभाळा. सिंडरमध्ये झोन फॉलबॅक नावाचं एक सेटिंग आहे, ते मुळात बंद असतं. बंदच राहू द्या. चालू असेल तर मागितलेला झोन उपलब्ध नसताना व्हॉल्यूम गुपचूप डिफॉल्ट झोनमध्ये जातो, आणि नेमकं तेच आपल्याला नको आहे. नोव्हाच्या बाजूला क्रॉस-एझेड अटॅच मुळात चालू असतं, म्हणजे एका झोनची व्हीएम दुसऱ्या झोनचा व्हॉल्यूम जोडू शकते. ते बंद करायचं असेल तर नोव्हाचे आणि सिंडरचे झोन नावासकट जुळलेच पाहिजेत. तसं केलंत तर व्हीएम आणि तिचा व्हॉल्यूम एकाच रॅकमध्ये राहतात आणि एका व्हीएमचं नशीब दोन रॅकवर टांगलेलं राहत नाही. तीन रॅकच्या मांडणीत मी ते बंद करेन. पण आधी जुन्या व्हॉल्यूमकडे बघा. त्यांच्या नोंदीत जुनंच झोनचं नाव राहतं, आणि बंद केल्यावर ते नव्याने जोडताना अडतील.

हिंट फेकून देऊ नका. एका रॅकमध्ये उद्या दोन नोड आले तर झोनच्या आत पसरवायला तीच लागेल.

आडवाट

झोन टेनंटला दिसतो हा मुद्दा पटला. आमच्या टाइपच्या पद्धतीचा खरा फायदा तोच होता, दिसणं. ते झोनमध्ये फुकट मिळत असेल तर टाइप वाढवण्यात अर्थ नाही. पुढच्या नोडपासून असंच करतो.

कोयनाकाठ

काल संध्याकाळी झोनची नावं ठरवायला बसलो आणि उंबरठांचा 'काय-काय एकत्र बंद पडतं' हा प्रश्न घेऊन इलेक्ट्रिशियन काकांसोबत सर्व्हर रूममध्ये एक-एक केबल मागे जाऊन पाहिली. रॅक १ आणि रॅक २ चे दोन्ही पीडीयू (रॅकमध्ये वीज वाटणाऱ्या पट्ट्या) एकाच यूपीएसवर आहेत! रॅक ३ तेवढा नव्या यूपीएसवर. म्हणजे रॅक तीन असले तरी विजेच्या हिशोबाने जागा दोनच. आता झोन दोन करू की तीन?

दगडफूल

शाब्बास, फार कमी लोक केबलपर्यंत जातात.

झोन तीनच ठेवा. कंट्रोलर, स्विच, ऑपरेटिंग सिस्टीमचं अपडेट, या गोष्टी यूपीएसपेक्षा जास्त वेळा बिघडतात आणि त्या रॅकनिहाय आहेत.

पण तीन सदस्यांचं बहुमत दोन विजेच्या जागांवर कसंही मांडलं तरी एका जागी दोघे येणारच. दोघांची जागा गेली की बहुमत गेलं. सिंडरच्या कुठल्याही सेटिंगने हे सुटणार नाही. सोपा उपाय असा: डेटाबेसचे दोन सदस्य रॅक १ आणि रॅक ३ मध्ये ठेवा, आणि एटसीडीचा तिसरा सदस्य या दोन्ही यूपीएसच्या बाहेर, दुसऱ्या इमारतीतल्या एखाद्या छोट्या मशीनवर. एटसीडीला डिस्क फार लागत नाही, फक्त ती वेगवान हवी आणि मधलं नेटवर्क भरवशाचं हवं. पोस्टग्रेसची तिसरी प्रत हवी असेल तर रॅक २ मध्ये ठेवा, पण एटसीडीचं मत तिच्याकडे नको.

खरं तर रॅक २ चा एक पीडीयू नव्या यूपीएसवर नेता आला तर सगळ्यात उत्तम. यूपीएसची क्षमता बघून घ्या.

मावळतीचा_वारा

आणि जे व्हॉल्यूम आधीच चुकीच्या जागी आहेत त्यांचं काय? सिंडरमध्ये मायग्रेट आहे ना? ते करून टाका.

दगडफूल

मायग्रेट आहे. होस्टचं पूर्ण नाव देऊन अ‍ॅडमिनला करता येतं, किंवा रीटाइप करताना मायग्रेशन पॉलिसी 'ऑन डिमांड' ठेवून. दोन एलव्हीएम नोडमध्ये तो अख्खा व्हॉल्यूम ब्लॉक-ब्लॉक करून नेतो. जोडलेला असला तरी नोव्हाच्या मदतीने चालू व्हीएमखालून बदलतो. पण व्हॉल्यूमला स्नॅपशॉट असतील तर जागचा हलत नाही, आधी ते काढावे लागतात.

साध्या व्हॉल्यूमसाठी ठीक. डेटाबेसच्या रेप्लिकेसाठी मात्र मी मायग्रेट करणार नाही. ५०० जीबी हलत असताना त्या नोडवर वाचनाचा मारा, आणि मध्येच फसलं तर निस्तरायचा ताप. त्यापेक्षा योग्य झोनमध्ये नवा रिकामा व्हॉल्यूम, त्यावर नवा सदस्य, पॅट्रोनी स्वतः प्रत भरून घेईल. तो मागून येऊन बरोबरीला पोचला की जुना सदस्य काढा. एका वेळी एकच.

उंबरठा

अनुमोदन. आणि एक शेवटचं, कारण हे कुणी करत नाही. शेड्युलर हिंट व्हॉल्यूम जन्माला येतो तेव्हाच बघतो. त्यानंतर कुणी मायग्रेट केला, रीटाइप केला, बॅकअपवरून पुन्हा उभा केला, तर मूळची हिंट कुणीही तपासत नाही. त्यामुळे रोज एकदा चालणारी छोटी स्क्रिप्ट हवी. प्रत्येक व्हॉल्यूमच्या मेटाडेटामध्ये 'गट' नावाची एक नोंद ठेवा, उदाहरणार्थ 'परीक्षा-पोस्टग्रेस'. स्क्रिप्टने अ‍ॅडमिन म्हणून सगळ्या व्हॉल्यूमची यादी काढायची, गटानुसार लावायची, आणि एका गटातले दोन व्हॉल्यूम एका होस्टवर दिसले की मेल. तुमच्या कागदावर जो यूपीएसचा नकाशा आहे तो त्या स्क्रिप्टला द्या, म्हणजे ती होस्टच्या नावावर न थांबता विजेपर्यंत तपासेल. पायथॉनमध्ये पन्नासएक ओळी होतील.

कोयनाकाठ

कळवायचं राहिलं होतं. ओव्हर-सबस्क्रिप्शन २० वरून ३ वर आणलं. तीन झोन झाले, फॉलबॅक बंद असल्याची खात्री केली, डिफरंट-बॅकएंड फिल्टरही जोडून ठेवलाय. क्रॉस-एझेड अटॅच सध्या चालूच आहे, जुने व्हॉल्यूम मार्गी लागले की बंद करू. पोस्टग्रेसचा नवा सदस्य रॅक १ मध्ये उभा राहिला, बरोबरीला आल्यावर रॅक ३ मधल्या दोनपैकी एक काढला. एटसीडीच्या तिसऱ्या मतासाठी ग्रंथालयाच्या इमारतीत जागा मिळतेय, त्यांचा यूपीएस वेगळा आहे. मोंगोवाल्यांना क्लोनचं कारण समजावलं, ते पुढच्या सुट्टीत एक-एक सदस्य इनिशियल सिंकने हलवणार आहेत.

यूपीएस बदलाचा अर्ज दिला आहे. उंबरठा, ती स्क्रिप्ट लिहून झाली की इथेच टाकतो, एकदा नजर घाला.

उंबरठा

जरूर टाका. गटाची नोंद नसलेले व्हॉल्यूम वेगळे दाखवायला विसरू नका, पहिल्या दिवशी तीच यादी सगळ्यात लांब असेल.